जुनी पिकअप घेऊन बारा वर्षं वापरायची, तर कोणती?

प्रश्न थोडक्यात असा: ओहायोत राहणारं चौघांचं कुटुंब. उन्हाळ्यात ५,००० पौंडांचा कॅम्पर ट्रेलर ओढायचा, हिवाळ्यात बर्फातून कामावर जायचं. २५ ते २८ हजार डॉलरपर्यंत वापरलेली फुल-साइझ पिकअप घ्यायची आणि नंतर दहा-बारा वर्षं विकायची नाही. फोर्ड एफ-१५०, शेव्ही सिल्व्हराडो, रॅम १५०० आणि टोयोटा टुंड्रा यांत जास्त टिकणारी कोणती? ऑफिसातल्या चौघांना विचारलं, तर चौघांनी चार नावं सांगितली.

चौघंही खरंच बोलत असणार. एकाकडे २०१२ ची गाडी असेल, दुसऱ्याकडे २०१९ ची. एकाचं इंजिन साधं, दुसऱ्याचं टर्बोचं. पुढच्या जाळीवर नाव तेच असतं, आतलं यंत्र मात्र पार निराळं. मी कोल्हापूरला ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला, शिवाजी उद्यमनगरात दोन वर्षं क्रँक घासण्याच्या दुकानात हात काळे केले आणि गेली तेवीस वर्षं ओहायोतच पिकअपच्या खाली झोपतोय. त्यातली शेवटची चौदा वर्षं एका कंत्राटदाराच्या ताफ्यावर गेली. साठेक गाड्या, चारही कंपन्यांच्या. तेव्हा कोणाचं नाव खाली पाडण्यात मला रस नाही. उद्या सकाळी तीच गाडी माझ्या लिफ्टवर यायची असते.

बारा वर्षांत काही ना काही बिघडणारच, हे आधी धरून चला. मी दोन गोष्टी बघतो: बिघाड आधी सांगून येतो का, आणि आला की खिसा किती रिकामा करतो. महिनाभर खडखडून मग बिघडणारी गाडी मला चालते. सुट्टीत टेनेसीच्या घाटात, मागे ट्रेलर आणि आत मुलं असताना अचानक हात वर करणारी चालत नाही. या मोजपट्टीवर चौघींना लावून बघू.

फोर्डपासून सुरुवात करतो, कारण रस्त्यावर तीच जास्त दिसते. २००४ ते २००८ मधली ५.४ लिटर, तीन व्हॉल्व्हवाली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा. तिचे स्पार्क प्लग दोन तुकड्यांचे असत. खोलताना खालचा तुकडा हेडमध्येच अडकून राहायचा आणि साध्या प्लग-बदलीचं दोन दिवसांचं काम व्हायचं. त्यातून कॅम फेझर (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागे-पुढे करणारा भाग) आणि चेनची रड वेगळीच. २०११ ला ५ लिटरची व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरची, आली आणि चित्र पालटलं. हे इंजिन मला आवडतं. टर्बो नाही, आणि २०२० पर्यंत सिलिंडर बंद करण्याची भानगडही नाही. ती २०२१ पासून आली. याच काळातलं ३.५ लिटर इकोबूस्ट, म्हणजे फोर्डचं टर्बोवालं इंजिन, ट्रेलर ओढायला जास्त दमदार, यात वाद नाही. पण २०१७ ते २०२० च्या इंजिनांत कॅम फेझर वाजतात. सकाळी थंड इंजिन चालू केलं की पहिले एक-दोन सेकंद खर्रर्र, डब्यात खिळे हलवल्यासारखं, आणि मग शांत. हा बिघाड सांगून येतो, लगेच रस्त्यात सोडत नाही, पण काम तीन ते पाच हजार डॉलरचं.

मग ५ लिटर घ्यायचं तर कोणत्या सालचं? २०१८ ला त्यात बदल झाले: सिलिंडरला लायनरऐवजी फवारलेला धातूचा थर, इंधनाचं दुहेरी इंजेक्शन. आणि ऑइल पिण्याच्या तक्रारी सुरू झाल्या. कंपनीने संगणकाचं प्रोग्रॅमिंग बदललं आणि जोडीला नवी डिपस्टिक दिली, जिच्यावर खुणांमधलं अंतर जास्त होतं. आमच्या शॉपमध्ये त्यावर बरेच दिवस हशा पिकत होता. त्याच सुमारास दहा गिअरचा बॉक्स आला. तो जनरल मोटर्सबरोबर, म्हणजे शेव्हीच्या मालक कंपनीबरोबर, मिळून आखलेला. त्यातल्या एका ड्रमचं बुशिंग जागचं सरकतं, गिअर धक्के देऊ लागतात आणि बॉक्स उतरवावा लागतो. त्याआधीचा सहा गिअरचा बॉक्स दणकट. पण २०११ ते २०१४ च्या गाड्यांत त्याच्या वेगाच्या सेन्सरचा भाग दगा देऊन धावती गाडी एकदम पहिल्या गिअरमध्ये टाकायचा. त्यासाठी रिकॉल झाले, म्हणजे कंपनीने गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्त केल्या. २०१४ च्या सुमारे साडेपाच लाख गाड्यांसाठीचा तर २०२४ मध्ये निघाला. गाळून गाळून हातात उरतात २०१५ ते २०१७ च्या ५ लिटर, सहा गिअरच्या गाड्या. २०१५ पासून एफ-१५० ची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची झाली, म्हणजे चाकांवरचा पत्रा गंजून जाळी होण्याचा प्रश्न मिटला. चेसी अजून लोखंडीच आहे, त्याकडे नंतर येतो.

सिल्व्हराडोचं दुखणं एकाच छोट्या वस्तूत आहे: लिफ्टर, म्हणजे कॅमशाफ्ट फिरला की व्हॉल्व्ह उचलणारा तुकडा. २००७ च्या पिढीपासून ५.३ लिटर व्ही-८ मध्ये सपाट रस्त्यावर आठातले चार सिलिंडर बंद करण्याची सोय आली, पेट्रोल वाचवायला. सिलिंडर बंद करायचा म्हणजे त्याचे व्हॉल्व्ह उघडायचेच नाहीत. त्यासाठी त्या लिफ्टरच्या पोटात बारीक पिना बसवल्या, ऑइलच्या दाबावर आत-बाहेर होणाऱ्या. ऑइल जुनं, घाण किंवा कमी झालं की पिन अडकते, लिफ्टर दबलेलाच राहतो, नाहीतर त्याचा रोलर फिरायचा थांबून कॅमशाफ्टला खाऊ लागतो. कधी आठवडाभर टिकटिक ऐकू येते, कधी काल ठीक असलेली गाडी आज एक सिलिंडर गमावून लंगडते. हेड उतरवायचं, लिफ्टर काढायचे, कॅम खाल्ला असेल तर तोही बदलायचा. साडेचार ते सात हजार. डॅशबोर्डखाली गाडी तपासायचं ओबीडी सॉकेट असतं, त्यात खोचायचं एक यंत्र मिळतं, ते चार सिलिंडर बंदच होऊ देत नाही. मी ते ताफ्यात वापरतो. त्याने पिना हलायच्या थांबतात, पण आधी झालेली झीज भरून निघत नाही. गंमत म्हणजे २०२१ मध्ये चिपचा तुटवडा पडला तेव्हा काही ५.३ च्या गाड्या या सोयीशिवायच बाहेर पडल्या. काही मिस्त्री आज त्याच शोधत असतात.

बाकी हे इंजिन साधं, सुटे भाग स्वस्त, कोणत्याही गावात दुरुस्त करणारा मिळतो. १९९९ ते २००६ ची जुनी ५.३ इंजिनं अजून आमच्या शॉपसमोरून रोज जातात, आणि त्यांच्यात लिफ्टरची ही कटकट नाही. पण त्यांच्या चेसीची अवस्था विचारू नका. नंतरच्या आठ गिअरच्या बॉक्समध्ये ठरावीक वेगाला थरथर यायची, टायर खरबरीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी. बॉक्समधलं ऑइल ओलावा शोषायचं. कंपनीने ऑइलचा प्रकारच बदलला आणि बऱ्याच गाड्या सुधारल्या. ६.२ लिटरच्या वाटेला या बजेटमध्ये तुम्ही जाणार नाही, तरी माहिती असू द्या. २०२१ ते २०२४ च्या त्या इंजिनांसाठी एप्रिल २०२५ मध्ये जगभरातल्या सुमारे ७ लाख २१ हजार गाड्यांचा रिकॉल निघाला, कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्टच्या दोषावरून. तपासणीत पास झालेल्या इंजिनांत पातळ ०डब्ल्यू-२० ऑइल काढून जाड ०डब्ल्यू-४० भरायला सांगितलं. जाड ऑइलचं महत्त्व उद्यमनगरातल्या आमच्या उस्तादांनी फुकट सांगितलं असतं.

रॅम आतून चौघींत सगळ्यात छान, बसायला सोफा. तिच्या ५.७ लिटर हेमी नावाच्या व्ही-८ इंजिनाला सोळा स्पार्क प्लग असतात हे ऐकून लोक दचकतात, पण ती किरकोळ बाब. तिचाही खरा आजार लिफ्टर आणि कॅमशाफ्टचाच. पण दुसराही एक आवाज आहे, अगदी तसाच, आणि तिथे अननुभवी माणूस फसतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याचे, बोल्ट तुटतात, बहुतेक मागच्या सिलिंडरचे, आणि फटीतून धूर टिकटिक करत निघतो. ओळखायचं असं: थंड इंजिनाला टिकटिक आहे आणि दहा मिनिटांत धातू तापून फुगला, फट मिटली, आवाज कमी झाला, तर मॅनिफोल्ड. काही शे डॉलरमध्ये सुटलात. इंजिन तापल्यावरही आवाज तसाच राहिला किंवा वाढला, तर लिफ्टर समजा आणि चावी परत द्या. उलट बाजूने, २०१३ नंतर आलेला आठ गिअरचा, झेडएफ या जर्मन कंपनीच्या घराण्याचा बॉक्स या चौघींतला माझ्या मते सगळ्यात चांगला. बॉक्समधलं ऑइल जन्मभराचं आहे असं कोणी सांगितलं तरी साठ हजार मैलांना बदलायचं. एअर सस्पेन्शनवाली रॅम घेऊ नका. ओहायोच्या थंडीत दहा वर्षांनंतर फुग्यांतून हवा जाते आणि गाडी म्हशीसारखी एका अंगावर बसते.

टुंड्राबद्दल आपल्या लोकांत जवळजवळ श्रद्धा आहे. २००७ ते २०२१ या काळातल्या ५.७ लिटर व्ही-८ बद्दल असेल, तर तिला आधार आहे. इंजिन दणकट, सहा गिअरचा बॉक्स दणकट, सिलिंडर बंद-चालूचं लफडं नाही. लुइझियानातल्या एका २००७ च्या टुंड्राने दहा लाख मैल पुरे केले आणि कंपनीने ती अभ्यासाला मागून घेतली, मालकाला नवी दिली. दुखणी आहेत, पण माणसाच्या सर्दीसारखी: पाण्याचा पंप गळतो, इंजिनाच्या माथ्यावरच्या कॅम टॉवरमधून ऑइल पाझरतं, एक्झॉस्टमध्ये हवा मारणारा पंप किंवा त्याचे व्हॉल्व्ह अडकून गाडी अर्ध्या ताकदीवर येते. पेट्रोल मात्र पिते. शहर-हायवे मिळून गॅलनला पंधराच्या आसपास धरा, ट्रेलर मागे असेल तर दहा. बारा वर्षांचा हिशोब केलात तर इतरांच्या एका लिफ्टरच्या कामाचे पैसे ती पंपावरच वसूल करते.

पण २०२२ पासून टुंड्रातून व्ही-८ गेलं आणि जुळ्या टर्बोचं व्ही-६ आलं. मे २०२४ मध्ये त्याच्या सुमारे १ लाख २ हजार गाड्यांचा रिकॉल: इंजिन घडवताना निघालेला धातूचा कीस आतच राहिला होता, तो मेन बेअरिंग खाऊ शकत होता. म्हणजे ज्या नावावर डोळे मिटून विश्वास टाकायचा, तिथेही साल बघावंच लागतं. आणि गंजाच्या बाबतीत टोयोटाची पाटी कोरी नाही. २००० ते २००३ च्या टुंड्रांचा चेसी गंजण्यावरून २००९ मध्ये रिकॉल झाला, आणि २०१६ मध्ये टकोमा, टुंड्रा व सिक्वोया यांच्या गंजक्या चेसींच्या खटल्यात कंपनीने ३.४ अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड केली.

आता गंज, कारण तुम्ही कोरड्या अ‍ॅरिझोनात राहत नाही; ओहायोत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात.

मी स्वतःसाठी घेतलेली दुसरी पिकअप. कंपनीचं नाव सोडा. दोन लाखांवर मैल झाले होते, इंजिन शिलाई मशीनसारखं चालायचं. जानेवारीतली संध्याकाळ, स्टॉपच्या पाटीपाशी ब्रेक दाबला आणि पेडल थेट जमिनीला. नशिबाने समोर कोणी नव्हतं. पेट्रोलच्या टाकीच्या वरून जाणारी ब्रेकची नळी, जिथे हात जात नाही आणि डोळाही, तिथे मिठाने कुरतडली होती. नळ्या मी सगळ्या बदलल्या, तांबे-निकेलच्या टाकल्या. त्या गंजत नाहीत आणि हाताने वळतात. मात्र त्याच वेळी मागच्या पाट्यांच्या शॅकलजवळ, म्हणजे पाटा चेसीला जोडणाऱ्या कडीजवळ, चेसीत स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला, आणि ती गाडी भंगारात गेली. इंजिन आम्ही काढून दुसऱ्या गाडीत बसवलं. ते अजून चालतंय.

इंजिन मिळतं, गिअरबॉक्स मिळतो, दोन्हीला भाव आहे. कुजलेल्या चेसीला भाव नाही. म्हणून ओहायोत बारा वर्षं वाढलेली टुंड्रा आणि जॉर्जियात वाढलेली लिफ्टरवाली शेव्ही यांत मला निवड करायला लावलीत, तर मी शेव्ही घेईन आणि लिफ्टरसाठी सहा हजार बाजूला ठेवीन. तुम्हीही दक्षिणेत जाऊन गाडी आणा. टेनेसीच्या खाली गेलात तरी फरक दिसतो. विमानाचं एकेरी तिकीट आणि एक दिवस, यापेक्षा चांगली गुंतवणूक या व्यवहारात दुसरी नाही. आणल्यावर दर ऑक्टोबरात खालून लॅनोलिनचा थर मारून घ्यायचा. मेंढीच्या लोकरीतली चरबी ती. वास आठवडाभर धनगरवाड्यासारखा येतो, घरचे कुरकुरतात, पण मीठ धातूला लागत नाही. काळा डांबरी थर मारू नका. त्याला भेग पडली की मिठाचं पाणी आत शिरतं, गंज आतल्या आत वाढतो आणि वरून सगळं काळंभोर, छान दिसतं. विकणारे नेमका हाच थर ताजा मारून आणतात. नवा कोरा काळा तळ दिसला की माझा संशय दुप्पट होतो.

ओडोमीटरवर फार जाऊ नका, तासांचं मीटर बघा. एफ-१५० आणि सिल्व्हराडोच्या डॅशबोर्डवर बटणं दाबत गेलं की इंजिनाचे एकूण तास दिसतात. फोर्डमध्ये नुसत्या आयडलिंगचे वेगळेही. आमच्या ताफ्यात दोन सख्ख्या बहिणी होत्या: एकाच महिन्यात घेतलेल्या, एकच कंपनी, एकच इंजिन. एकीवर ९०,००० मैल आणि ५,८०० तास. ती सुपरवायझरकडे, दिवसभर साइटवर हीटर लावून उभी. दुसरीवर १,६०,००० मैल आणि ४,२०० तास. ती क्लीव्हलँड-सिनसिनाटी हायवेवर. कव्हर उघडलं तेव्हा पहिलीचा कॅम काळ्या चिकटाने माखलेला, दुसरीचा मधाच्या रंगाचा. मैलांना तासांनी भागा. पहिलीचं उत्तर पंधरा-सोळा येतं, दुसरीचं अडतीस. वीसच्या खाली उत्तर आलं तर मी ती गाडी घेत नाही, भले मैल पन्नास हजार असोत.

ट्रेलरबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पाच हजार पौंड ओढायला चारही समर्थ आहेत, जाहिरातीत तर दुपटीचे आकडे असतात. अडचण असते वजन वाहण्याची. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळा-पांढरा कागद असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती चालेल ते छापलेलं असतं. भरगच्च सोयींच्या गाड्यांत बऱ्याचदा १,४०० ते १,६०० पौंडच. ट्रेलरच्या जिभेचं वजन एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के, म्हणजे तुमचं ५०० ते ७५०. चौघं माणसं सहाशे. मागे जनरेटर, लाकडं, सायकली टाकल्या की कोटा संपला. गावाकडची बोलेरो पिकअप कागदावरच तेराशे ते सतराशे किलो वाहते, आणि ही दुप्पट आकाराची धूड सातशे किलोला दमते, हे पुण्याहून आलेल्या माझ्या मेव्हण्याला अजून पटत नाही. जास्तीच्या वजनाने मागचे पाटे बसतात, चाकांची बेअरिंग जातात, गिअरबॉक्स तापतो. म्हणून सनरूफ आणि मोठ्या चाकांची महाग गाडी नको; मधल्या दर्जाची, कापडी सीटची, टोइंग पॅकेजवाली शोधा.

माझा क्रम विचाराल तर: २०१५ ते २०१७ ची एफ-१५०, ५ लिटर, मग दक्षिणेतली ५.७ ची टुंड्रा, पेट्रोलची तयारी असेल तर टुंड्राच आधी, मग ऑइल-बदलीच्या सगळ्या पावत्या असलेली, आठ गिअरची रॅम, मग सिल्व्हराडो. चौथा नंबर म्हणजे वाईट असं समजू नका. भाव तीन हजारांनी कमी मिळाला तर ती वर सरकते. कोणतीही घ्या, ऑइल पाच हजार मैलांना बदला, डॅशबोर्ड काहीही सांगो. तो दिवा कंपनीच्या वॉरंटीपुरता विचार करतो. तुम्हाला त्यापुढची दहा वर्षं काढायची आहेत.

बघायला जाल तेव्हा हातोडी, टॉर्च आणि जुनी चटई न्या. आधी गाडीचा १७ अंकी-अक्षरी नंबर एनएचटीएसए या अमेरिकी सरकारच्या रस्ते-सुरक्षा खात्याच्या साइटवर टाकून कोणते रिकॉल बाकी आहेत ते फुकट पाहून घ्या. स्टेपनी खाली उतरवून दाखवा म्हणा. तिचा वायररोप गंजून जाम झाला असेल तर तळाचं भविष्य कळलंच, आणि उतरली तर तिच्यामागे लपलेला चेसीचा आडवा तुकडा दिसतो. चेसीवर जागोजाग हातोडी हलकेच मारा. धातू ठणठणला पाहिजे, ठप्प आवाज आला की पोकळ. फोर-व्हील ड्राइव्ह लावून मोकळ्या जागेत वळून बघा. एफ-१५० मध्ये फोर-व्हील ड्राइव्ह काढून साधं चालवताना पुढच्या चाकातून घरघर आली तर घाबरू नका, बहुतेक वेळा व्हॅक्यूमच्या छोट्या व्हॉल्व्हचं काम असतं. तेवढ्यावर भाव पाडून घ्या.

आणि आदल्या दिवशी विकणाऱ्याला फोन करून सांगा की मी सकाळी आठला येतो, तोवर गाडी चालू करू नका. वर मी सांगितलेले आवाज थंड इंजिन चालू केल्या क्षणापासून ऐकायचे असतात. तापलेलं इंजिन बरंच काही लपवतं. पोचलात की नमस्कार-चमत्कार होईपर्यंत सहज हात बॉनेटवर ठेवा. कोमट लागलं, तर चहा-कॉफी घ्या, मुलाबाळांची चौकशी करा आणि परवा सकाळी पुन्हा येतो म्हणून निघा.